तावी-तावी? तिथे कशाला जातेस?

फिलिपीन्स म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बोराकायची पांढरी वाळू, पलावानचं निळं-हिरवं पाणी, मनिलाचे अवाढव्य मॉल्स आणि अर्थातच नाइट शिफ्टमधले आपले कट्टर प्रतिस्पर्धी, म्हणजे तिथले कॉल सेंटरवाले! चर्च येतं, ख्रिसमसची रोषणाई येते. मशीद मात्र येत नाही. शंभरातले साधारण सहाच लोक मुस्लिम असलेल्या या देशाची ओळखच मुळी आशियातलं मोठं कॅथलिक राष्ट्र अशी आहे.

आता जरा नकाशा उघडा आणि नजर खाली डावीकडे न्या. मिंदानाओ बेटाच्या शेपटापासून बोर्निओपर्यंत बेटांची एक माळ ओघळलेली दिसेल. आधी बासिलान, मग सुलू आणि अगदी टोकाला तावी-तावी. शंभराहून जास्त छोटी-मोठी बेटं, अकरा तालुके म्हणता येतील अशी गावं आणि २०२०च्या जनगणनेनुसार साधारण ४ लाख ४० हजार माणसं. मनिला इथून हजार किलोमीटरहून लांब, आणि मलेशियाचं साबा राज्य मात्र हाकेच्या अंतरावर. तावी-तावी हे नाव मलय भाषेतल्या ‘लांब’ या अर्थाच्या शब्दावरून आलं असं म्हणतात. खरं असेल तर नाव ठेवणाऱ्याने फार विचार केला नसावा, जे दिसलं ते ठेवलं!

जून २०२५पासून भारतीयांना चौदा दिवसांसाठी व्हिसाशिवाय फिलिपीन्समध्ये जाता येऊ लागलं, आणि मी तोच मुहूर्त साधला. मनिलात ज्याला-ज्याला प्लॅन सांगितला त्याच्या भुवया वर गेल्या. टॅक्सीवाल्यापासून हॉस्टेलमधल्या आयटीवाल्या मुलापर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच, ‘तिथे कशाला?’ गंमत म्हणजे यांतलं कुणीच तिथे गेलेलं नव्हतं.

भीती कुठून आली?

भीती हवेतून आलेली नाही, हे आधी मान्य करू. एप्रिल २०००मध्ये मलेशियातल्या सिपादान बेटावरून अबू सय्याफ या गटाने पर्यटकांसह २१ जणांना पळवलं आणि सुलूमधल्या होलो बेटावर नेलं. जगभरच्या टीव्हीवर ते महिनोन्महिने चाललं. फेब्रुवारी २०१२मध्ये खुद्द तावी-तावीत पक्षी बघायला आलेल्या दोन युरोपियनांचं अपहरण झालं. त्यांतला एक २०१४मध्ये निसटला, दुसरा २०१९मध्ये मारला गेला. २०१३मध्ये सुलूच्या सुलतानाच्या वंशजांपैकी एका दावेदाराचे लोक होड्यांमधून साबात घुसले. साबा आमचंच, असं त्यांचं म्हणणं. पुढचे काही आठवडे तिथे रक्तपात झाला.

म्हणजे ‘सगळं मीडियाने फुगवलंय हो’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. पण पुढचं फारसं कुणी सांगत नाही. अबू सय्याफचे अड्डे प्रामुख्याने बासिलान आणि होलोत होते, तावी-तावी या भागातला त्यातल्या त्यात शांत प्रांत मानला जातो. सप्टेंबर २०२३मध्ये तर सुलूही अबू सय्याफमुक्त झाल्याचं जाहीर झालं. बातम्यांत मात्र ‘दक्षिण फिलिपीन्स’ नावाची एकच मोठी पेटी आहे आणि त्यात सगळं कोंबलं जातं. गडचिरोलीतली चकमक वाचून कुणी तारकर्लीचं बुकिंग कॅन्सल केलं तर आपण काय म्हणू? तसंच काहीसं. पाश्चात्त्य देशांची सरकारं आजही आपल्या नागरिकांना या पट्ट्यात जाऊ नका असंच सांगतात, हेही तितकंच खरं. त्यामुळे जायचं की नाही हे ज्याने-त्याने ठरवावं. मी ठरवलं, आईला फक्त ‘फिलिपीन्स’ एवढंच सांगितलं, आणि निघाले.

झांबोआंगाहून तासाभराचं विमान. सांगा-सांगाच्या चिमुकल्या विमानतळावर उतरलं की समोर नारळीची बनं, डोक्यावर हिजाब घेतलेल्या कॉलेजच्या मुली आणि घामाने भिजवणारी हवा. एकदम रत्नागिरीत उतरल्यासारखं वाटलं, बॉस! पर्यटन कार्यालयात नाव नोंदवलं, कुठे-कुठे जाणार ते सांगितलं, तर सोबतीला एक पोलीस मिळाला. पहिल्या दिवशी मला त्याचं टेन्शन आलं, दुसऱ्या दिवशी तो माझा फोटोग्राफर झाला होता.

केळी, माकडं आणि पीर

बोंगाव ही प्रांताची राजधानी. राजधानी म्हणजे एक बंदर, त्याच्याभोवती गच्च बाजार, ट्रायसिकलींचा कलकलाट आणि दुकानांत फिलिपिनोइतकाच मलेशियन माल. बिस्किटं, माइलो, तेल, सगळं समुद्रापलीकडून. इथल्या माणसाला सीमा ही रोज ओलांडायची वाट वाटते. वाटणारच, कारण ही रेघ त्यांनी आखलेलीच नाही. तिचा किस्सा भारी आहे. १८९८मध्ये स्पेनने फिलिपीन्स अमेरिकेला दिलं, तेव्हा करारातल्या रेषेबाहेर दोन बेटं राहूनच गेली, सिबुतू आणि कागायान दे सुलू (आजचं मापुन). मग १९००मध्ये अमेरिकेने वेगळा करार करून, एक लाख डॉलर मोजून ती घेतली. शेजारची टर्टल आयलंड्स तर १९४७पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात होती. बेटांवरच्या लोकांना या सगळ्यात कुणी काही विचारलं असेल, असं वाटत नाही.

गावाच्या पाठीशी बूद बोंगाव उभा आहे. ‘बूद’ म्हणजे डोंगर. उंची जेमतेम तीनशे मीटरच्या वर, म्हणजे सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी सकाळचा वॉर्म-अप. पायऱ्या बांधलेल्या आहेत, दोन्ही बाजूंना दाट रान, आणि माकडं. लांब शेपटीची, अजिबात न लाजणारी. लोक त्यांच्यासाठी केळ्यांचे घड घेऊन चढतात, कारण हा डोंगर पवित्र आहे. वर ‘तामपात’ आहेत, म्हणजे पीरांची थडगी. इथे इस्लाम आणणाऱ्या शेख करीमुल मखदूम यांच्या अनुयायांची ती मानली जातात. मुस्लिम येतात, ख्रिश्चनही येतात. कुणाला मूल हवं असतं, कुणाला परदेशातली नोकरी. माहीमच्या किंवा हाजी अलीच्या गुरुवारच्या गर्दीत उभं राहिलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटू नये. वर पोचलं की खाली सांगा-सांगा, पाण्यावर उभी लाकडी घरं आणि पलीकडे सिमुनुल बेट. मला दुसऱ्या दिवशी जायचं होतं ते तिथेच.

चार खांब

सिमुनुलला स्पीडबोटीने तासभरही लागत नाही. तुबिग इंदांगान गावात समुद्राच्या जवळ एक मशीद आहे. खरं सांगू? पहिल्या नजरेत काहीच वाटत नाही. बांधकाम अलीकडचं, साधं. इस्तंबूल-इस्पहानचे घुमट डोक्यात घेऊन गेलात तर हिरमुसून परत याल. पण आत पाऊल टाकलं की चार जाडजूड लाकडी खांब दिसतात. इपिल नावाच्या कठीण लाकडाचे, काळपट झालेले, हात फिरवून-फिरवून गुळगुळीत झालेले. इमारत अनेकदा पडली, पुन्हा उभी राहिली, खांब तेच राहिले. परंपरा सांगते, इथली पहिली मशीद १३८०मध्ये शेख करीमुल मखदूम यांनी बांधली. फिलिपीन्समधली सगळ्यात जुनी मशीद म्हणून सरकारनेही तिला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिलाय, आणि २०१३मध्ये कायदा करून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक केलं.

१३८० या आकड्याचा जरा हिशेब करा. फिलिपीन्सच्या शाळकरी इतिहासाची सुरुवात मॅगेलनपासून होते, तो आला १५२१मध्ये. म्हणजे हे खांब त्याच्याहून १४१ वर्षांनी मोठे! शिवाय सुलूत होलोजवळच्या बूद दातोवर एका मुस्लिमाच्या कबरीचा दगड आहे, त्यावर हिजरी ७१०, म्हणजे इसवी सन १३१०. पंधराव्या शतकाच्या मध्यावर सुलूची सल्तनत उभी राहिली, चीनशी मोती आणि समुद्री मालाचा व्यापार करू लागली. स्पॅनिशांनी तीनशे वर्षं धडका मारल्या, १८७६मध्ये होलो घेतलं, पण ही बेटं पुरती त्यांच्या हाती कधी आली नाहीत. त्यांनीच स्पेनमधल्या मूर लोकांवरून इथल्यांना ‘मोरो’ म्हटलं, शिवीसारखं. आज इथले लोक तोच शब्द अभिमानाने लावतात. मार्च २०१९पासूनच्या इथल्या स्वायत्त प्रदेशाच्या नावातच तो आहे, बांग्सामोरो. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुलू त्यातून बाहेर पडलं, तावी-तावी आत आहे.

‘१३८०’साठी कागद काय? तर ‘तारसिला’. घराण्यांच्या वंशावळींच्या या हस्तलिखितांचं नाव ‘सिलसिला’ या अरबी शब्दावरून आलंय. इतिहासकार सेझर अदिब माहुल यांनी १९७३च्या आपल्या ग्रंथात याच वंशावळी गंभीरपणे वापरल्या. पक्का शिलालेख नाही म्हणून नाक मुरडणारे आहेत, पण मग आपल्याकडच्या किती देवळांचं काय, हाही प्रश्न आहेच.

‘मखदूम’ शब्दाशी मी मात्र अडखळले. माहीमच्या दर्ग्यातले मखदूम अली माहिमी आठवतात ना? ज्यांच्या उरुसाला मुंबई पोलीस चादर चढवतात, ते. त्यांचा जन्म १३७२चा. म्हणजे सिमुनुलचे खांब रोवले जात होते तेव्हा आपले माहीमचे मखदूम आठ वर्षांचे होते! ‘मखदूम’ ही पदवी आहे, आदरणीय गुरू अशा अर्थाची. दोघांचा एकमेकांशी काही संबंध होता असं मी म्हणत नाहीये. पण कोकणी मुस्लिम आणि इथले मुस्लिम, दोघंही इस्लामी कायद्याच्या शाफी परंपरेतले, उत्तर भारतासारखे हनफी नाहीत. कारण एकच, धर्म इथेही आणि तिथेही घोड्यावरून नाही, वाऱ्यावर चालणाऱ्या व्यापारी गलबतांतून आला.

त्याआधीही काही आलं होतं. इथल्या तौसुग भाषेत ‘बहासा’ म्हणजे भाषा, ‘गुरू’ म्हणजे शिक्षक, ‘आगामा’ म्हणजे धर्म. सुलतानाच्या सल्लागार मंडळाला म्हणायचे ‘रुमा बिचारा’. बिचारं घर नव्हे हो, विचार करायचं घर! पोलिसाला मी हे सांगितलं तर तो इतका हसला की आमची होडीसुद्धा हलली असेल.

काळं वाटण आणि कहावा

गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंना सगळे ‘बाबू’ म्हणायचे. तौसुगमध्ये बाबू म्हणजे मावशी-आत्या. तर या बाबूंनी पहिल्या रात्री समोर ठेवलं तियुला इतुम. शब्दशः ‘काळा रस्सा’. बीफ, हळद, आलं, मिरची आणि जाळून कोळशासारखं काळं केलेलं खोबरं. मालवणी घरात वाढलेल्या कुणालाही तो वास नाकात शिरताच घर आठवेल. फक्त आपण खोबरं भाजून थांबतो, हे लोक आणखी दोन पावलं पुढे जातात. (बीफ चालत नसेल तर सांगा, याच वाटणातली कोंबडी असते, तिचं नाव पियांगगांग.) भाताबरोबर इथे कसावाही रोजचा. ज्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो तोच, किसून वाफवलेला.

सगळ्यात हटके म्हणजे ओको-ओको. काटेरी चेंडूसारखा सी-अर्चिन रिकामा करायचा, त्यात तांदूळ भरायचे, शिजवायचे आणि कवच फोडून खायचं. समुद्राची चव असलेला मोदकच म्हणा. संध्याकाळी ‘कहावा’, म्हणजे कॉफी, आणि सोबत ताटभर गोड पदार्थ. त्यातलं दाराल बघून मी ओरडलेच. पातळ घावन, आत गूळ-खोबऱ्यासारखं सारण, गुंडाळी केलेली. मी मोबाइलवर पातोळ्यांचे फोटो दाखवले. बाबूंनी ते बारकाईने बघितले आणि हळदीचं पान उगाच वाया घालवता, असा निकाल दिला.

दारू मिळत नाही असं नाही, पण मागायच्या भानगडीत पडू नका. वीकेंड पार्टीसाठी ही जागा नाहीच.

टूथपेस्टमधलं तावी-तावी

तुम्ही तावी-तावीला गेला नसाल, पण तावी-तावी कदाचित तुमच्याकडे येऊन गेलंय. आइस्क्रीमच्या डब्यावर, चॉकलेट मिल्कवर, टूथपेस्टवर बारीक अक्षरांत ‘कॅराजीनन’ किंवा ई-४०७ असं दिसतं ना? ते समुद्री शेवाळापासून बनतं, आणि फिलिपीन्समधल्या शेवाळशेतीचा बालेकिल्ला हा प्रांत आहे. उथळ पाण्यात दोऱ्या ताणायच्या, त्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे, तरंगायला रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या. साधारण दीड महिन्यात पीक तयार. मग घरासमोरच्या लाकडी माचांवर वाळवण. आपल्याकडे बोंबील वाळतात तसं.

ऐकायला सोपं आहे. पण पाणी जास्त तापलं की ‘आइस-आइस’ नावाचा रोग येतो, शेवाळ पांढरं पडतं आणि गळून जातं. दर ठरवतो व्यापारी. आमचा होडीवाला आधी हेच करायचा. आता पर्यटक आले तर होडी, नाही आले तर पुन्हा शेवाळ, असं त्याचं गणित. कुठल्याशा दुसऱ्याच बेटावरची बातमी टीव्हीवर आली की आपली बुकिंग्ज उडतात, असं तो म्हणाला. रागाने नाही, पावसाबद्दल बोलावं तसं.

त्याच्याहून अवघड गोष्ट सामा दिलौत लोकांची. बाहेरचे त्यांना ‘बजाव’ म्हणतात. पिढ्यानपिढ्या ‘लेपा’ नावाच्या होडीत जन्मणारे, तिथेच मरणारे. सितांगकाईसारख्या ठिकाणी ते आता पाण्यात खांब रोवून बांधलेल्या घरांत राहतात, गल्ल्यांच्या जागी कालवे, म्हणून ब्रोशरवाले त्याला ‘फिलिपीन्सचं व्हेनिस’ म्हणतात. (समुद्र खवळलेला होता, मी तिथपर्यंत गेले नाही.) बरेच जण मुस्लिम झाले, काही अजून पूर्वजांच्या आत्म्यांनाच मानतात. बोंगावचे मुस्लिम त्यांच्याकडे जरा खालच्या नजरेने बघतात, हे मला दोन दिवसांतच दिसलं. ज्यांना मनिला तुच्छ लेखते, त्यांनाही तुच्छ लेखायला कुणीतरी सापडलेलं असतं. सीमेपलीकडे साबात तर यांच्यातल्या कित्येकांकडे कुठल्याच देशाचा कागद नाही. जून २०२४मध्ये सेंपोर्नाजवळच्या सागरी उद्यानातली त्यांची घरं मलेशियन अधिकाऱ्यांनी पाडली. ज्या पाण्यावर ते सगळ्यांच्या आधीपासून आहेत, तिथेच ते घुसखोर ठरले.

तीन महिन्यांची चटई

बाजारातून काही आणायचंच तर ‘तेपो’ आणा. केवड्याच्या जातीच्या पानांच्या पट्ट्या काढून, रंगात उकळून, दाबून सपाट करून विणलेली चटई. तांदुबासमधल्या हाजा अमिना अप्पी यांना या विणकामासाठी २००४मध्ये सरकारने राष्ट्रीय जिवंत ठेव्याचा सन्मान दिला. त्या २०१३मध्ये गेल्या. त्यांच्या एकेका चटईला तीनेक महिने लागायचे, आणि भौमितिक नक्षी त्या कागदावर न काढता थेट डोक्यातून विणायच्या. बाजारातल्या सगळ्याच चटया त्या तोलाच्या नसतात, पण घासाघीस करण्याआधी हा हिशेब आठवा.

आणि नाच बघायला मिळाला तर सोडू नका. पंगालाय. बोटांना लांब धातूची नखं लावून, गुडघे वाकवून, इतक्या संथ लयीत की आधी वाटतं सुरूच झालेलं नाही. लिगाया फर्नांडो-अमिलबांग्सा या मनिलाकडच्या बाई लग्न होऊन इथल्या सुलतानी घराण्यात आल्या, हा नाच शिकल्या, १९८३मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि २०१५मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुणीतरी ‘तिथे कशाला जातेस?’ त्यांनाही विचारलं असणारच.

जाणार असाल तर...

मनिला ते झांबोआंगा आणि तिथून बोंगाव, असा विमानप्रवास. झांबोआंगाहून बोटही आहे, रात्रभराची, वेळ आणि पोट दोन्ही मजबूत असेल तर. निघण्याआधी परराष्ट्र खात्याच्या आणि स्थानिक सूचना ताज्या बघा, ट्रॅव्हल इन्शुरन्स या भागाला लागू आहे का ते कंपनीकडून लेखी घ्या. पोचल्यावर पर्यटन कार्यालयात नोंद करा, सोबत घ्या म्हणाले तर घ्या, हिरोगिरी नको. खांदे-गुडघे झाकणारे कपडे, मशिदीत मुलींना डोक्यावर ओढणी. रमजानमध्ये दिवसा हॉटेलं बंद मिळतील. कार्डावर विसंबू नका, पेसो रोख ठेवा. पानांपानगान या बेटाची वाळूची लांबच लांब दांडी देशातली सर्वांत मोठी असल्याचं सांगतात. तिथे सावलीचे वांधे आहेत, टोपी न्या. आणि बूद बोंगावची केळी खाली बाजारातूनच घ्या. वर फक्त गिऱ्हाईकं भेटतात.